कुलूप दाराला नको, पेटीला घाला

पाच-सहा जणांना खोलीत घ्यायचे, दार लावायचे आणि तासाभराचे घड्याळ सुरू करायचे. खोलीतल्या खाणाखुणांवरून कुलपांचे आकडे हुडकायचे आणि वेळेत बाहेर पडायचे. 'एस्केप रूम' म्हणतात तो हा खेळ. जपानमधील क्योटो येथे २००७ साली तो सुरू झाला, आता मोठ्या शहरांत तिकीट लावून चालतो. शहरी लोकांचे खूळ, आपल्याला काय त्याचे, असे कुणीही म्हणेल. पण विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी तो वापरला गेला, त्यातले एक ठिकाण चक्क मका-सोयाबीनच्या मुलखात आहे.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले अर्बाना हे विद्यापीठाचे गाव. तेथील मक्याचे प्रयोगशेत १८७६ पासूनचे. त्यावर सावली पडू नये म्हणून शेजारचे ग्रंथालय जमिनीखाली बांधण्यात आले. (आपल्याकडे शेतच हलवले असते!) याच गावात २०१७ मध्ये पदार्थवैज्ञानिक पॉल क्वाएट यांनी 'लॅबएस्केप' उभी केली, तीही बाजाराच्या इमारतीत. एक शास्त्रज्ञ बेपत्ता आहे, अशी गोष्ट रचलेली. कोडी भौतिकशास्त्राची, पण शास्त्र शिकलेले असण्याची अट नाही.

प्रदर्शनातल्या तक्त्यापुढून माणूस नुसता पुढे सरकतो. इथे तसे चालत नाही. माहिती कळल्याशिवाय कुलूप निघत नाही, म्हणून ती हवीशी वाटते. मात्र कुलूप निघाल्यावर 'हे असे का झाले' हे सांगणारा माणूस तिथे हवाच. नाहीतर पोरे आकडे जुळवून मोकळी होतात आणि विज्ञान खोलीतच राहते.

आपल्या गावात हे करायचे तर आधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोलंडमधील कोशालिन येथे जानेवारी २०१९ मध्ये अशा एका खोलीला आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुलींचा जीव गेला. तेव्हा शाळेची खोली सताड उघडी ठेवावी आणि कुलूप घालावे ते पत्र्याच्या पेटीला. बॅगेला लावतात ते तीन आकड्यांचे कुलूप पुरते.

पहिले कोडे स्वयंपाकघरातले. कोऱ्या कागदावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आकडा लिहून वाळवावा. काही दिसत नाही. वरून हळदीचे पाणी फिरवले की आकडा लालभडक उमटतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, हे आजीला ठाऊकच असते. सोडा आणि चुना दोन्ही आम्लारी, हे तिच्या समोरच नातवाला सांगावे.

शेवटचे कुलूप थोरांसाठी. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासूनची, पण कित्येकांच्या घरी ती पत्रिका कपाटात घडी घालून पडलेली असते. गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याच्या परवानगीने त्याची पत्रिका मांडावी. सोबत पिवळ्या पडलेल्या उसाची दोन पाने ठेवावीत, शिरा हिरव्या राहिलेली. कुलपाचा आकडा म्हणजे पत्रिकेतला सामू, ८.२ असेल तर ०८२. पेटी उघडली की आत चिठ्ठी: 'सामू सातच्या बराच वर, जमीन चुनखडीची. लोह मातीत आहे, तरी पिकाला का मिळत नाही?' इथे घड्याळ बंद करावे, कृषी सहायकाला पुढे बसवावे आणि ज्याला त्याला आपापली पत्रिका घरून आणायला सांगावे.