मूलद्रव्यांतील सूत्रकृमी आणि त्यांवरील भक्षक बुरशी

वैद्यांचा व औषधी-विक्रेत्यांचा शेतीशी प्रत्यक्ष संबंध नसला, तरी अश्वगंधा व हरिद्रा या द्रव्यांची गुणवत्ता जमिनीतच ठरते. मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा ही नुसत्या डोळ्यांना न दिसणारी सूत्रकृमी या दोन्ही पिकांच्या मुळांत शिरते. मुळांवर गाठी येतात व रोप खुरटते. कृमिदूषित द्रव्य अग्राह्य, हा आपल्या शास्त्राचा दंडकच आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. रोहणा परिसरातील शेतकरी अशा पिकांकडे वळणार असतील, तर हा विषय आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पूर्वी यावर फोरेटचे दाणे जमिनीत टाकीत. हे विष मुळांवाटे वनस्पतीत शोषले जाते. २०२० अखेरपासून देशात त्यावर बंदी आहे. त्याला पर्याय निसर्गातच आहे. आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा ही बुरशी तंतूंची चिकट जाळी विणून सूत्रकृमी पकडते. जर्मन शास्त्रज्ञ झोफ यांनी १८८८ मध्ये हे नोंदविले. दुसऱ्या काही बुरशी तीन पेशींची कडी तयार करतात. कृमी कडीत शिरताच पेशी क्षणार्धात फुगून तिला आवळतात. पुढे तंतू तिच्या शरीरात शिरून अंतर्भाग शोषून घेतात.

मात्र असे सापळे मातीत फिरणाऱ्या कृमींनाच धरतात. गाठीतील मादी स्थिर असते. म्हणून बाजारात मुख्यत्वे अंड्यांवर वाढणारी पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी मिळते. तिचे जुने नाव पॅसिलोमायसिस लिलॅसिनस. लागवडीपूर्वी ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून वाढवावी व मग शेतात द्यावी. प्रमाण वेष्टनावरील सूचनेनुसार घ्यावे. त्याच सुमारास बुरशीनाशक वापरू नये. दुर्बल प्रतिकारशक्तीच्या व्यक्तींत व डोळ्यांत या बुरशीचा संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. हाताळताना मुखपट्टी, हातमोजे व चष्मा वापरावा.

चरकाचार्यांनी विमानस्थानात कृमींसाठी अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन अशी त्रिविध चिकित्सा सांगितली आहे. शेतातही हाच क्रम लागू पडतो. बुरशी हे अपकर्षण. निंबोळी पेंड व झेंडूचे पीक हा प्रकृतिविघात. निरोगी बेणे आणि वांगी-टोमॅटोनंतरचे शेत टाळणे हे निदानपरिवर्जन. एकट्या बुरशीने कृमींचा समूळ नाश होत नाही, त्यांची संख्या घटते. जमिनीत ओल व सेंद्रिय पदार्थ नसतील तर तेवढेही साधत नाही.

तेव्हा अश्वगंधा वा हळद खरेदी करताना माल हाताळून गाठी पाहाव्यात, जमिनीत काय घातले हे उत्पादकास विचारावे आणि संशय आल्यास कीटकनाशक-अवशेषांची तपासणी करून घ्यावी. औषधिनिर्मात्याने एवढे विचारू लागल्यास शेतकऱ्यासही बुरशीचा खर्च परवडेल, कारण स्वच्छ मुळाला गिऱ्हाईक आहे हे त्याला दिसेल.