खडूची रेघ

रविवारी सकाळी साडेसहाला कापूरहोळच्या फाट्यावर चहा घेत उभं राहिलं की एक गंमत बघायला मिळते. पुण्याहून आलेल्या बुटक्या, रुंद चाकांच्या गाड्या भोरच्या रस्त्याला वळतात आणि पहिल्याच गतिरोधकापाशी बिचकतात. मग एक चाक आधी, दुसरं मागाहून, अशा तिरक्या चढतात. नऊवारी सावरत चिखल ओलांडावा तशा. मागची एसटी हॉर्न वाजवून वाजवून थकते.

अशाच एका गाडीचा तिशीतला मालक गेल्या हिवाळ्यात मला म्हणाला, "काका, कोइमतूरला ट्रॅक डे आहे. जाण्याआधी नवे शॉकअप टाकून घेऊ का? कॉइलओव्हर. लाखभर जातील, पण गाडी चिकटून चालेल म्हणतात."

मी विचारलं, "टायर कुठल्या सालचे आहेत?"

त्याला सांगता येईना. दोघंही खाली वाकलो. टायरच्या बाजूवर, लांबलचक अक्षरांच्या शेवटी, चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे १८१९ होतं, म्हणजे २०१९ सालचा अठरावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर नखाने दाबून पाहिलं तर पाटीसारखं कडक. त्याची लाखाची खरेदी तिथेच लांबणीवर पडली.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंद ट्रॅकवर आपलीच गाडी, डोक्यावर हेल्मेट, वीसेक मिनिटांची सत्रं आणि नेमून दिलेल्या जागीच ओव्हरटेक. नंबर कोणाचा आला ते कोणी विचारत नाही. पुणेकर त्यासाठी बहुधा दक्षिणेची वाट धरतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक आहे, १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, मारुतीचं इंजिन बसवून परवडणाऱ्या रेसगाड्या बनवणारे एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून मोठा, २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वन तिथे झाली. चेन्नई-कोइमतूरला पुण्याची गाडी पोचायची तर हजार-बाराशे किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो, आणि ही दक्षिणेची वाट नसरापूर-कापूरहोळवरूनच जाते. म्हणजे ज्या गाडीला कोइमतुरात वळणं कापायची आहेत, तिला आधी भोर तालुका ओलांडायचा आहे. टायर आणि सस्पेन्शन निवडताना हे आधी डोक्यात हवं.

आता हिशोब. बाराशे किलोची गाडी धरा. एका चाकावर साधारण तीनशे किलो. टायरमधली हवा, पंपावरचा पोरगा जिला नुसतं 'तीस' म्हणतो ती, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ किलो दाब. तीनशेला २.१ ने भागा. १४३ चौरस सेंटिमीटर येतात. बारा सेंटिमीटर लांब, बारा रुंद: आपल्या पंजाएवढा रबराचा तुकडा. अडीचशे अश्वशक्ती असो वा लाखाचे शॉकअप, रस्त्याशी गाडीचं जे काही नातं आहे ते असल्या चार पंजांपुरतं. सस्पेन्शनचं काम एकच, हे चारही पंजे जमिनीवर सपाट टेकवून ठेवायचे. पंजाच निबर झाला असेल तर तो कितीही नीट टेकवला तरी उपयोग काय?

वळणावर नेमकं काय होतं, हे ज्यांनी भोर-महाड एसटीने वरंधा घाट उतरलाय त्यांना शिकवावं लागत नाही. नीरा देवघरच्या पाण्याकडेने रस्ता पुढे जातो, घाट लागतो, आणि खिडकीशी बसलेला माणूस शेजाऱ्याच्या अंगावर रेलतो. बस बाहेरच्या बाजूला कलते, आतली चाकं हलकी होतात, बाहेरची पाट्यांवर दबतात. वजन एका अंगाहून दुसऱ्या अंगाला गेलं. इथवर सगळ्यांना पटतं. गडबड पुढे आहे.

पुष्कळांची समजूत अशी की कडक स्प्रिंग टाकली की हे वजन जाणं थांबतं. नाही थांबत. वजन किती सरकणार ते ठरतं तीन गोष्टींवर: गाडीचा भार जमिनीपासून किती उंचीवर आहे, दोन चाकांमधलं अंतर किती, आणि वळण किती जोरात घेतलं. कडक स्प्रिंगने गाडीचं कलणं कमी होतं, वजन जायचं ते जातंच. एसटीला उद्या पाट्यांऐवजी दगड लावले तर ती कलणार नाही, पण आतली चाकं तेवढीच हलकी होतील. शेजाऱ्याच्या अंगावर तुम्ही तरीही रेलालच.

मग कडक स्प्रिंग किंवा जाड अँटी-रोल बार, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणारी दांडी, टाकून मिळतं काय? दोन गोष्टी. एक, कलणं कमी झाल्याने टायरचा पंजा सपाट राहायला मदत होते. दुसरी जास्त महत्त्वाची: सरकणाऱ्या वजनातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्यांनी, हे ठरवता येतं. टायरचा स्वभाव हमालासारखा आहे. पाठीवर दुप्पट पोती टाकली म्हणून तो दुप्पट माल पोचवत नाही. भार दुप्पट झाला की पकड वाढते, पण दुपटीच्या आतच राहते. म्हणून ज्या टोकाला तुम्ही जास्त कडक कराल, ते टोक आधी घसरतं. पुढून कडक केलं की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. मागून कडक केलं तर शेपटी बाहेर येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅक मुळातच नाकाने घसरतात, म्हणून ट्रॅकवाले त्यांना मागे जाड बार लावतात. त्याच गाडीने ओल्या घाटात ब्रेक दाबला की काय होईल, ते मी सांगायला नको.

दक्षिणेच्या त्याच वाटेवर पुढे कोल्हापूर लागतं. तिथे मोहित्यांच्या कार्टिंगच्या ट्रॅकवर जरा थांबा. कार्टला सस्पेन्शनच नसतं. स्प्रिंग नाही, शॉकअप नाही, डिफरन्शियलसुद्धा नाही. चौकटच पिळवटते आणि तिच्या जोरावर आतलं मागचं चाक उचललं जातं. सस्पेन्शनशिवाय एवढी चपळ गाडी चालते, टायरशिवाय ती जागची हलणार नाही. पोरं तिथे एक-दोन पौंड हवेवरून भांडतात ते उगाच नाही.

तर आधी टायर. ट्रॅकसाठी दुकानात विचारलं की 'सेमी-स्लिक' हा शब्द कानावर येतो. मऊ रबर, नक्षी नावापुरती, तापलं की डिंकासारखं चिकटणारं. अमेरिकी बाजारासाठीही बनलेल्या टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. रोजच्या टायरवर तो तीनशे ते पाचशेच्या घरात, ट्रॅककडे झुकणाऱ्यांवर दोनशे किंवा खाली. आकडा जितका लहान तितका टायर लवकर झिजणार, एवढं ढोबळ कळतं. पहिल्या दोन-तीन ट्रॅक डेना मात्र मी कोणालाही सेमी-स्लिक घेऊ देत नाही. चांगला, ताजा, रस्त्याचाच टायर हातातून सुटण्याआधी किंचाळतो, हळूहळू सुटतो, चूक सांगून शिकवतो. सेमी-स्लिक बराच वेळ गप्प राहतो आणि मग एकदम सोडतो. आणखी एक, जे ऐकून लोक मला वेड्यात काढतात: कोरड्या ट्रॅकवर कोऱ्या करकरीत टायरपेक्षा अर्धा झिजलेला बरा. नव्या टायरच्या नक्षीचे उंच ठोकळे वळणावर डुलतात, डुलून तापतात आणि तापून त्यांचे तुकडे उडतात. अर्धा झिजलेला म्हणजे गोटा नव्हे हं. कारच्या टायरला १.६ मिलिमीटरवर झिजेची खूण असते. तिला टेकलेल्या टायरची जागा भंगारात.

हवा हे सर्वांत स्वस्त सस्पेन्शन आहे. सकाळी तीस अंशाला तीस भरलेली हवा, टायर ऐंशी अंशाला तापला की सदतीसवर जाते. पंजा मधोमध फुगतो, कडा टेकत नाहीत, गाडी बर्फावर आल्यासारखी वाटते आणि मालक शॉकअपला शिव्या घालतो. म्हणून पहिल्या सत्रानंतर गाडी आत आली की लगेच, टायर गरम असतानाच हवा मोजायची आणि जास्तीची सोडायची. गरम असताना ३२ ते ३६ च्या दरम्यान कुठेतरी तुमच्या गाडीचा आकडा सापडतो. त्यासाठी स्वतःचा एक बरा गेज घ्या. दोन पंपांचे काटे एकमेकांशी जुळलेले मी फारसे पाहिले नाहीत.

आकडा बरोबर आहे हे कसं ओळखायचं? शाळेतला खडू घ्या. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, आडवी रेघ ओढा. बहुतेक टायरवर तिथेच एक छोटा त्रिकोण असतो. चार फेऱ्या मारून या. त्रिकोणापर्यंत खडू पुसला गेला असेल तर ठीक. त्याच्याही खाली पुसला असेल तर टायर कुशीवर झोपतोय: हवा कमी आहे किंवा कॅम्बर अपुरा. खांद्यावर रेघ तशीच शाबूत असेल तर हवा जास्त.

कॅम्बर म्हणजे चाकाचं वरचं टोक आत कललेलं असणं. वळणात गाडी कलली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं. आधीच थोडं आत झुकवून ठेवलं तर ऐन वळणात ते सपाट टेकतं. रस्त्यावर शून्य ते एक अंश पुरतो, ट्रॅकवर दोन ते तीन लागतात. बऱ्याच गाड्यांत साध्या कॅम्बर बोल्टने अंश-दीड अंश मिळतो, आणि लाखाच्या शॉकअपचं निम्मं काम तिथेच होतं. टो मात्र जपून. चाकांची तोंडं जरा फाकवली तर गाडी वळणात पटकन शिरते, पण बाराशे किलोमीटर जाताना आणि तेवढंच येताना टायरची आतली कड किसणीवर धरल्यासारखी झिजते. त्या मानाने कॅम्बर टायर कमी खातो.

एवढं सगळं झाल्यावर, अजूनही हौस असेल तर, शॉकअप. स्प्रिंगने दाबून परत उसळायचं, त्या उसळीला लगाम घालायचा तो शॉकअपने. लगाम ढिला असेल तर गाडी डोलत राहते. फार आवळला तर उंचवट्यावरून चाक खाली यायलाच उशीर होतो आणि तेवढा वेळ पंजा हवेत. क्लिकवाले शॉकअप घेतलेत तर एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही वहीत लिहून. आणि गाडी किती खाली घ्यायची ते कापूरहोळच्या गतिरोधकाला विचारा. ब्रेकचं तेलही बदला. डॉट ४ तेल नवं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलं की १५५ लाच. ट्रॅकवर जोरदार फेऱ्या मारून ब्रेक तापले की हा फरक पायाला कळतो.

कागदाची बाजूही आहे. कंपनीने केलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. सही करण्याआधी ते पान वाचा.

राहिला प्रश्न, ट्रॅकची गाडी भोर-वेल्ह्याच्या घाटात 'टेस्ट' करायचा. वेल्हे, ज्याचं नाव आता राजगड झालंय, हा भाताचा मुलूख. आषाढात चिखलणी करून निघालेला ट्रॅक्टर पाबे घाटाच्या रस्त्यावर जो राड सांडत जातो, त्यावर सेमी-स्लिक म्हणजे साबणाची वडी. हिवाळ्याच्या सकाळी राड नसते, पण थंड रबर चिकटत नाही आणि ते तापवण्याइतका वेग घाटात काढायचा तर वळणाआड म्हशी आहेत, कॉलेजची पोरं आहेत, दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल आहे. वरंधा तर पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंदच असतो. घाट शिकण्यासाठी उत्तम आहे, पण एसटीत बसून. वरंध्यातल्या वाघजाईच्या देवळापाशी उतरून भजी खावीत.

तो तरुण कोइमतूरला जाऊन आला. नवे रस्त्याचेच टायर, कॅम्बर बोल्ट, ब्रेकचं तेल आणि खडूची डबी. फोन आला तो रात्री नऊला, महामार्गावरून. "काका, मस्त झालं. फक्त परत येताना गाडी जड वाटतेय, जरा वाहवतेय."

"दुपारी सोडलेली हवा परत भरलीस का?"

गरम असताना ३४ वर आणलेला टायर गार झाल्यावर २६-२७ वर बसलेला असणार, त्यात सामान आणि पुढे हजार किलोमीटर. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग इंडिकेटरची टकटक ऐकू आली. पंप शोधत होता.