मरणासन्न रुग्णास गुंगी देणे : एक नैतिक विचार

काही काळापूर्वी शहापुरातील एका विणकर कुटुंबातून मला रात्री बोलावणे आले. घरातील वडीलधारे गृहस्थ फुप्फुसाच्या कर्करोगाने अंथरुणास खिळले होते आणि श्वासासाठी चाललेली त्यांची तडफड पाहवत नव्हती. डॉक्टरांनी गुंगीचे औषध सुरू करण्याचा सल्ला दिला होता. थोरल्या मुलाने मला दाराबाहेर नेऊन हलक्या आवाजात विचारले, "फादर, त्या औषधाने बाबा पुन्हा जागे झालेच नाहीत, तर त्यांना आम्हीच मारले असे होणार नाही ना?"

हा प्रश्न त्या एका घराचा नाही. आज अनेक रुग्ण बेळगाव वा मिरजेच्या रुग्णालयातून 'आता घरी न्या' असे ऐकून परततात, आणि अखेरच्या दिवसांतील निर्णय घरच्यांच्या पदरी येतो. म्हणून या प्रश्नाचा वैद्यकीय व नैतिक अशा दोन्ही अंगांनी विचार करणे अगत्याचे आहे.

१. गुंगीचे स्वरूप

शस्त्रक्रियेपूर्वी भूल देतात, तेव्हा रुग्ण पुन्हा शुद्धीवर येणार हे गृहीतच असते. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णास शांत ठेवतात, तेही त्याने बरे व्हावे म्हणूनच. अखेरच्या अवस्थेतील गुंगीचे प्रयोजन वेगळे असते. रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, मरण जवळ आले आहे आणि असह्य धाप, भ्रमिष्ट अवस्थेतील तळमळ वा न थांबणारे झटके यांवर दुसरा कोणताच उपाय चालत नाही, अशा वेळी रुग्णाची जाणीव औषधाने मंद करतात. यासाठी बहुधा मिडाझोलमसारखे औषध शिरेतून किंवा त्वचेखालून देतात. आरंभ अल्प मात्रेने होतो आणि त्रास शमेल तेवढीच मात्रा वाढवली जाते. गुंगी कधी केवळ रात्रीपुरती असते, तर कधी अखंड.

मॉर्फीनची गोष्ट निराळी आहे. ते वेदना व धाप शमविणारे औषध आहे. झोप आणणे हे त्याचे मुख्य कार्य नव्हे. पहिल्या काही दिवसांतील ग्लानी बहुधा ओसरते आणि योग्य मात्रेवर रुग्ण बोलू-चालू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी उपचारांची तीन पायऱ्यांची जी पद्धत सांगितली, तिच्यात मॉर्फीन तिसऱ्या पायरीवर आहे. तरीही 'मॉर्फीन दिले म्हणजे संपले' ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे हे औषध मिळणेही दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फीनसह सहा औषधांसाठी ही व्यवस्था सुलभ केली. परंतु कायदा बदलला म्हणून मनातील भीती गेली, असे मात्र झाले नाही.

२. हत्या आणि उपशमन यांतील भेद

मार्ककृत शुभवर्तमानात (१५:२३) क्रुसावर देण्यापूर्वी प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केल्याचा व त्याने तो न घेतल्याचा उल्लेख आहे. यावरून काही भाविक असा निष्कर्ष काढतात की, ख्रिस्ती मनुष्याने वेदना सोसल्याच पाहिजेत. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात या प्रश्नाचा विस्ताराने परामर्श घेतला. स्वेच्छेने दुःख स्वीकारणे हे थोर कृत्य असू शकेल, पण ते सर्वांवर लादलेले कर्तव्य नव्हे. दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाच्या इतर धार्मिक व नैतिक कर्तव्यांना बाध येत नसेल, तर जाणीव मंदावली किंवा आयुष्य काहीसे कमी झाले तरीही वेदनाशामक देणे योग्य आहे, असा त्यांचा निर्णय होता. ५ मे १९८० च्या दयामरणविषयक घोषणापत्राने तोच कायम केला. २०२० च्या 'सामारितानुस बोनुस' या पत्राने रुग्णाच्या संमतीने दिलेली गुंगी ग्राह्य मानली. मृत्यू घडविण्याच्या हेतूने दिलेले औषध मात्र निषिद्ध ठरविले.

या विचारामागे द्विविध परिणामाचे तत्त्व आहे. त्याचे बीज तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी केलेल्या स्वसंरक्षणाच्या विवेचनात सापडते. एकाच कृतीचे दोन परिणाम संभवतात. त्यांपैकी चांगला परिणाम हेतुपूर्वक साधला जातो; दुसरा आधी दिसत असला तरी तो इच्छिलेला नसतो.

येथे कोणी विचारील की, हेतू तर मनात दडलेला असतो. तो ओळखावा कसा? माझ्या मते त्याची खूण औषधाच्या मात्रेत सापडते. हेतू उपशमनाचा असेल, तर तळमळ शमताच मात्रा वाढविणे थांबते. हेतू मरणाचा असेल, तर रुग्ण शांत झाल्यावरही हात थांबत नाही. शिवाय प्रमाणात दिलेल्या गुंगीने आयुष्य सहसा घटत नाही, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. रुग्णाचे प्राण हरण करतो तो त्याचा रोग.

कायद्यातही हा भेद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने आयुष्य केवळ लांबविणारे उपचार न घेण्याचा रुग्णाचा हक्क काही अटींवर मान्य केला. इंजेक्शन देऊन प्राण घेण्यास मात्र मुभा दिली नाही.

३. शुद्धीचे मोल

येथवर त्या मुलाच्या शंकेचे उत्तर झाले. परंतु एक गोष्ट उरते, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. शुद्ध ही परमेश्वराची देणगी आहे. गंभीर कारणावाचून ती हिरावून घेऊ नये, असे १९५७ चे भाषण आणि १९८० चे घोषणापत्र दोन्ही बजावतात. मनुष्य शुद्धीवर असतानाच क्षमा मागतो, क्षमा करतो, निरवानिरव करतो आणि संस्कार जाणतेपणी स्वीकारतो. म्हणून गुंगीपूर्वी हे सारे व्हावयास हवे. पण आपल्या घरांत रुग्णापासून आजारच लपविला जातो. 'त्यांना सांगू नका, धीर सुटेल' हे वाक्य प्रत्येक धर्मगुरूने ऐकले असेल. ज्याला आजार ठाऊक नाही, त्याची संमती घ्यायची कशी? आणि निरोप तरी त्याने कशाचा घ्यावा?

मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुईस जुझे डिसूझा यांनी १९८६ साली 'शांती अवेदना सदन' सुरू केले. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठीचे हे देशातील पहिले शुश्रूषागृह होय. त्याच्या नावातील 'अवेदना' हा शब्द मला मार्मिक वाटतो. वेदना आधीपासूनच नीट शमविली, तर अखंड गुंगीची गरज थोड्यांनाच भासते, आणि उरलेले दिवस जागेपणी आपल्या माणसांत जातात.

त्या रात्री मी मुलाला म्हणालो, "हे मारणे नव्हे. पण बाबांना त्यांचा आजार ठाऊक आहे का?" त्याने मान खाली घातली. मीही काय म्हणणार? तीन महिने मी त्या घरी जात होतो आणि घरच्यांच्या विनंतीवरून मीही गप्प राहिलो होतो. डॉक्टरांनी आधी थोडे मॉर्फीन दिले व धाप किंचित उतरली. मुलाने कसेबसे सत्य सांगितले. "मला ठाऊक होते," एवढेच वृद्ध बोलले. मग त्यांनी निपाणीच्या धाकट्या भावाला बोलावण्यास सांगितले. मागांच्या वाटणीवरून दोघांत कित्येक वर्षे अबोला होता. पहाटे त्यांनी पापनिवेदन केले, अभ्यंग व ख्रिस्तप्रसाद घेतला. सकाळी धाप पुन्हा असह्य झाली. तेव्हा त्यांना विचारून, त्यांच्या होकारानेच गुंगी सुरू केली.

भाऊ दुपारी पोहोचला. झोपलेल्या भावाचा हात हाती घेऊन तो बराच वेळ बोलत राहिला. ते ऐकू गेले की नाही, हे परमेश्वरच जाणे. दुसऱ्या दिवशी वृद्धांनी शांतपणे देह ठेवला.

गुंगी देण्यात आमचे काही चुकले नाही. चूक झाली ती तीन महिन्यांच्या मौनात, आणि तिच्यात माझाही वाटा होता. रुग्णाला सुखाने झोपविण्याची विद्या वैद्यकाने आपल्या हाती दिली आहे. त्या झोपेआधी त्याच्याशी खरे बोलण्याचे धैर्य मात्र आपण, विशेषतः आम्ही धर्मगुरूंनी, वेळेवर दाखवले पाहिजे.