विश्लेषण : घरीच गाडी रंगवताय? एपॉक्सी प्रायमरविना गंज पुन्हा का डोके वर काढतो?

स्कूटरचे मडगार्ड किंवा जुन्या कारच्या दाराची खालची कडा घरीच घासून रंगवली, महिनाभर गाडी नव्यासारखी दिसली आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर रंगाला फोड आले, हा अनुभव अनेकांचा आहे. दोष बहुतेक वेळा वरच्या रंगाचा नसतो, त्याखालच्या थराचा असतो. तो थर कोणता असावा आणि नागपूरच्या हवेत तो कधी लावावा, याविषयी...

नागपुरात समुद्र नाही, मग गंज कशाने?

लोखंड गंजायला खारी हवाच लागते असे नाही, पाणी आणि ऑक्सिजन पुरेसे असतात. नागपुरात वर्षाला सरासरी एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चाकांच्या वर साचलेला चिखल आणि दाराच्या खालच्या पोकळीत अडकलेले पाणी पत्रा दिवसेंदिवस ओला ठेवते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे तो आतून रंग उचलतो आणि फोड दिसू लागतो. फोड दिसेपर्यंत आतला पत्रा पोखरला गेलेला असतो.

एपॉक्सी प्रायमर वेगळा कसा?

डब्यातून थेट लावायचे साधे प्रायमर थिनर उडून गेल्यावर वाळतात. त्यांच्या थरात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यातून ओलावा हळूहळू पत्र्यापर्यंत पोहोचतो. एपॉक्सी प्रायमरचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. ते एकत्र आल्यावर रासायनिक क्रिया होऊन घट्ट जाळे तयार होते. हा थर उघड्या पत्र्याला पक्का चिकटतो आणि ओलावा सहज आत जाऊ देत नाही. मात्र उन्हातील अतिनील किरणांनी तो भुकटीसारखा होत जातो, म्हणून त्यावर रंग चढवावाच लागतो.

गंजावरच लावला तर चालेल का?

नाही. सुटा गंज राहिला तर प्रायमर पत्र्याला नव्हे, गंजाला चिकटतो आणि त्याच्यासोबतच निघतो. पत्रा ८० ते १८० नंबरच्या पेपरने चकाकेपर्यंत घासावा. मेण आणि ग्रीस काढण्याच्या द्रावणाने तो पुसावा आणि त्यानंतर हात लावू नये. गंज काढायला आम्लयुक्त द्रावण वापरले असेल तर ते पूर्ण धुऊन पत्रा कोरडा करावा, कारण आम्लाचा अंश राहिला तर एपॉक्सी नीट पक्के होत नाही.

पुट्टी आधी की प्रायमर?

खोलगट भाग भरायची पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते. ती उघड्या पत्र्यावर लावून वॉटर पेपरने ओली घासली, तर पाणी पत्र्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून आधी एपॉक्सी, तो वाळल्यावर हलके घासून पुट्टी आणि पुट्टीवर पुन्हा प्रायमर, हा क्रम अधिक सुरक्षित आहे. पुट्टी कोरडीच घासावी.

नागपुरात योग्य वेळ कोणती?

इथे घड्याळ आणि हवामान दोन्ही पाहावे लागते. तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. समजा २५ अंशांना मिश्रण चार तास टिकत असेल, तर मे महिन्यातील ४५ अंशांना ते तासाभरात घट्ट होऊ लागेल. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तर हवेपेक्षाही तापलेला असतो. त्यावर थर वरून वाळतो आणि थिनर आत अडकून टाचणीएवढी छिद्रे पडतात.

पावसाळ्यात उलटी अडचण. दमट हवेत हार्डनरमुळे थरावर तेलकट साय येते आणि पुढचा थर चिकटत नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी आणि पत्र्याचे तापमान दव पडण्याच्या बिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवे, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे नागपूरकरांसाठी पाऊस सरल्यानंतरचा ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. थंडीच्या दिवसांत सकाळचे दव सुकल्यावर काम सुरू करावे, म्हणजे रात्रीचा गारठा येण्याआधी थर बऱ्यापैकी धरतो.

मिश्रण करताना काय पाहावे?

हार्डनरचे प्रमाण कंपनीनुसार बदलते, कुठे १:१ तर कुठे ४:१. अंदाजाने ओतू नये. हार्डनर जास्त घातल्याने थर लवकर पक्का होत नाही, बिघडतो. काही प्रकारांत मिश्रण १५ ते ३० मिनिटे मुरू द्यावे लागते. पुढचा थर किती तासांत द्यायचा, हेही माहितीपत्रकात असते. ती मुदत उलटली तर थर घासूनच पुढे जावे.

आरोग्याला धोका कोणता?

एपॉक्सी आणि हार्डनर त्वचेला वारंवार लागले तर ॲलर्जी होऊ शकते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. नायट्राईलचे हातमोजे घालावेत. तोंडाला बांधलेला रुमाल वाफा अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. नागपुरी घरांत आणखी एक गोष्ट महत्त्वाची. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ओढतो. अंगणात फवारणी सुरू असताना तो चालू राहिला, तर वाफा थेट घरात येतात. थिनर ज्वालाग्राही असल्याने जवळ आगही नको.

वरच्या टू-के पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. म्हणून घासणे आणि ब्रशने प्रायमर लावणे घरी करून शेवटचा रंग सोयी असलेल्या वर्कशॉपमध्ये मारून घेणे शहाणपणाचे.

रंग बदलता येतो का?

मूळ रंगच पुन्हा दिला तर अडचण नाही. रंग बदलायचा असेल तर आरसीवर त्याची नोंद असते, म्हणून आधी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. लष्करी वाहनांचा ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मनाई आहे.