विश्लेषण : हँडल बदलले आणि गाडी ‘डेड’ झाली… दोष नेमका कुठे?

उंच हँडल बसवून गाडी बाहेर काढली आणि सेल्फ लागेना, हॉर्न मुका, इंडिकेटर बंद. शाहूपुरी असो वा आणखी कुठले गॅरेज, पहिला संशय बॅटरीवर जातो. पण हँडल बदलण्यापूर्वी गाडी ठणठणीत असेल, तर दोष बहुधा स्विच आणि हेडलाइटमागचे कपलर यांच्यातल्या हातभर वायरमध्येच असतो.

वायर कुठे दगा देते?

मूळ वायरिंग कंपनीच्या हँडलच्या मापाचे असते. नवे हँडल उंच असले की ते ताणले जाते. हँडल सरळ असताना सगळे चालते. वळवले की कपलरमधली पिन मागे सरकते. रात्री करूळ घाटाच्या वळणावर हेडलाइट गेला तर काय होईल, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. दुसरी जागा स्विचच्या डबीची. दोन झाकणांत वायर चिमटली की ती हँडलच्या लोखंडाला टेकते आणि फ्यूज उडतो. स्विच फिरू नये म्हणून डबीत एक खुंटी असते. नव्या हँडलला तिच्यासाठी भोक नसेल तर काहीजण खुंटीच घासून टाकतात. मग डबी फिरत राहते आणि वायरही ओढली जाते.

शोध कसा घ्यायचा?

आधी किल स्विच पाहा. हँडल बसवताना तो हमखास ‘ऑफ’ होतो. मग फ्यूज. तो शाबूत असेल तर वायर तुटली आहे किंवा कपलर सुटला आहे. क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच जोडायचा राहिला, तरी अनेक गाड्यांचा सेल्फ लागत नाही. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर शॉर्ट आहे. तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे वायरिंग जाळायला परवानगी देणे. साध्या गाडीत जुने मिस्त्री हेडलाइटचा कपलर काढून फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब जोडतात. बल्ब लख्ख पेटला की शॉर्ट. मग हँडल हळूहळू दोन्ही बाजूंना वळवायचे आणि वायर हलवायची. बल्ब मंदावला ती जागा दोषाची. एफआय आणि एबीएसच्या गाडीत हा प्रयोग नको, मल्टिमीटर असलेला इलेक्ट्रिशियन गाठावा.

वायर वाढवायचीच तर त्याच जाडीची घ्यावी, डाख देऊन वर स्लीव्ह चढवावी. नुसत्या पिळ्यावर टेप गुंडाळली तर पहिल्याच पावसात पाणी शिरते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करते. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत हेडलाइट आपोआप लागतो, बंद करायचा स्विच नाही. इंजिन सुरू असूनही तो लागत नसेल तर बल्ब, फ्यूज किंवा वायर तपासावी.

गाडी ताब्यात घेताना पुढचा ब्रेक दाबून मागचा लाल दिवा कुणाला तरी पाहायला सांगा. त्या लिव्हरचा स्विच सुटलेला असला तर चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. कळते ते मागून येणाऱ्याला, तेही उशिरा.