व्हील अलाइनमेंट : भरवशाचे वर्कशॉप कसे ओळखावे?

मोटारगाडी ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. कुणी टुरिस्ट परमिटवर गाडी चालवून घर चालवतो, कुणी आठवडी बाजारांना कापड घेऊन जातो, तर कुणी दुकानाचा माल पोहोचवतो. अशा माणसाला इंधनानंतर जड जाणारा खर्च म्हणजे टायरचा. ४० हजार किलोमीटरच्या हिशोबाने घेतलेला टायर २० हजारांतच तार दाखवू लागला, तर महिन्याची सारी जुळवाजुळव कोलमडते. शिवाय घाटात वा ओल्या रस्त्यावर झिजलेला टायर जिवावर बेततो, तो वेगळाच.

टायर अकाली झिजण्याचे एक मोठे कारण म्हणजे चाकांची बिघडलेली रेषा. ती सरळ करणे म्हणजेच व्हील अलाइनमेंट. आज तालुक्याच्या गावीही "कॉम्प्युटराइज्ड अलाइनमेंट"च्या पाट्या दिसतात. पण या कामात एक अडचण आहे. गाडीला रंग दिला तर तो डोळ्यांना दिसतो. अलाइनमेंट केले की नाही, हे मात्र गिऱ्हाइकाला दिसत नाही. फसवणुकीला वाव मिळतो तो इथेच. म्हणून हे काम थोडे समजून घेणे प्रत्येक गाडीमालकाच्या फायद्याचे आहे.

काम नेमके कशाचे?

मशीन मुख्यतः तीन कोन मोजते. पहिला टो. वरून पाहिले असता चाकांची पुढची टोके एकमेकांकडे झुकली आहेत की बाहेर फाकली आहेत, ते यावरून कळते. दुसरा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिल्यास चाकाचा माथा आत वा बाहेर कलणे. तिसरा कॅस्टर. चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो बाजूने पाहिल्यास किती तिरपा आहे, हे त्यावरून समजते. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होण्यास कॅस्टर मदत करतो.

टायरला सर्वांत जास्त खातो तो टो. चाक केवळ अर्ध्या अंशाने तिरके असले, तर दर किलोमीटरमागे ते सुमारे ८.७ मीटर आडवे घासटले जाते. १० हजार किलोमीटरमध्ये हा हिशोब ८७ किलोमीटरवर जातो. इतके अंतर टायर चालत नाही, नुसता घासला जातो.

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांचा टो तेवढाच फिरवून जुळवता येतो. त्यासाठी टाय रॉडचा नट सैल करून रॉड फिरवतात. कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातच ठरलेले असतात. ते बिघडले तर बुश, शॉकअप, लोअर आर्म यांपैकी काहीतरी झिजले वा वाकले आहे, असे समजावे. काही मोठ्या गाड्यांत मात्र शिम किंवा खास बोल्टच्या साहाय्याने हे कोनही जुळवण्याची सोय असते. आपल्या गाडीत काय सोय आहे, ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहावे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावे.

आधी स्वतः पाहा

गॅरेज गाठण्यापूर्वी पाच मिनिटे खर्च करावीत. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड पाहावी. ती एरवी दिसत नाही आणि बऱ्याचदा तीच आधी संपते. नक्षीवरून आडवा हात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टो बिघडला असण्याची शक्यता मोठी. एकच कड झिजली असेल, तर कॅम्बर वा टो यांवर संशय घ्यावा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, फक्त मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त.

८०-१०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो प्रश्न बहुधा बॅलन्सिंगचा असतो. अलाइनमेंटने तो सुटत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर प्रथम दोन्हीकडची हवा सारखी करावी. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणे स्वाभाविक आहे. तरीही ओढ राहिली, तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे. (फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर असे बदलू नयेत.)

चांगल्या वर्कशॉपची ओळख

चांगला मिस्त्री आधी प्रश्न विचारतो. गाडी खड्ड्यात आदळली होती का? कोणता भाग बदलला? मग तो हवा तपासतो, गाडी उचलून बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश आणि बेअरिंग हलवून पाहतो. हे भाग ढिले असताना केलेले अलाइनमेंट दोन दिवसही टिकत नाही. जो ही तपासणी न करताच गाडी मशीनवर घेतो, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नये.

मशीनवर गाडीचे नेमके मॉडेल निवडले आहे का, ते पाहावे. मोजमाप चारही चाकांचे व्हावे. मागचा ॲक्सल वाकडा असेल तर नुसते पुढचे जुळवले तरी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके राहू शकते. टो जुळवण्यापूर्वी स्टिअरिंग मधोमध धरून लॉक केले पाहिजे. ज्या नव्या गाड्यांत ईएसपी आहे, त्यांत कामानंतर स्टिअरिंग सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागू शकतो. ते उपकरण आपल्याकडे आहे का, हे आधीच विचारावे.

आणि सर्वांत मोठी खूण : छापील कागद. कामापूर्वीचे आणि कामानंतरचे आकडे एकाच कागदावर मागावेत. त्यावर कंपनीने दिलेली मर्यादाही असते. नंतरचे आकडे मर्यादेत आहेत का, ते स्वतः वाचावे. "प्रिंटर बंद आहे" असे उत्तर मिळाले, तर निदान स्क्रीनचे दोन्ही फोटो काढून घ्यावेत. शेवटी मिस्त्रीला सोबत घेऊन एक चक्कर मारावी. सपाट, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सरळ राहिले, तर काम झाले म्हणावे.

कुठे सावध राहावे?

काही ठिकाणी अलाइनमेंट स्वस्तात सांगतात आणि गाडी वर चढली की "कॅम्बर करावा लागेल" म्हणून मोठी रक्कम मागतात. लहान गाडीत हे काम पुष्कळदा हायड्रॉलिक जॅक लावून शॉकअपचा भाग जोराने वाकवून केले जाते. आकडा हिरवा होतो, पण वाकवलेला लोखंडी भाग कमजोर होऊ शकतो आणि मूळ दोष तसाच राहतो. अशा वेळी दोनच प्रश्न विचारावेत : "कोणता भाग खराब आहे?" आणि "तो मला दाखवाल का?" खरा कारागीर ढिला बुश हाताने हलवून दाखवतो.

टायर विकणाऱ्या दुकानात अलाइनमेंट करून घेण्यात गैर काही नाही. पण तिथे नवे टायर विकले जाण्यातही दुकानदाराचा फायदा असतो, हे ध्यानात ठेवावे. टायर बदलायचा की नाही, याचा निकाल टायरच देतो. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात. झीज तिथपर्यंत पोहोचली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलावा.

बिल पक्के घ्यावे आणि त्यावर किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. तक्रारीची वेळ आलीच तर हाच पुरावा उपयोगी पडतो. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे.

गॅरेजवाल्यांसाठी दोन शब्द

आपले अनेक तरुण गॅरेजच्या धंद्यात आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावे की मशीन शेजारचाही विकत घेऊ शकतो, विश्वास मात्र रोजच्या व्यवहारातूनच मिळवावा लागतो. "तुमची रेषा ठीक आहे, आज काही करायची गरज नाही" असे सांगून गाडी परत पाठवली, तर त्या दिवशी मजुरी बुडते खरी. पण तो ड्रायव्हर स्टँडवर जाऊन चार जणांना तुमचे नाव सांगतो. दरपत्रक भिंतीवर लावा, कागद न मागता हातात द्या, काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवा.

गाडीमालकानेही नुसता कमी दर पाहून गॅरेज निवडू नये. शंभर-दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात टायरची जोडी गमावणे हा तोट्याचा सौदा आहे.