गाठ, मज्जातंतू आणि एक साधे इंजेक्शन

“फार मनाला लावून घेते, म्हणूनच झाला तिला कॅन्सर!” दिल्लीचे एम्स असो की मुंबईचे टाटा रुग्णालय, पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांत हे वाक्य हमखास ऐकू येते. बिचारीला आजार पुरत नाही, वर हा ठपका! चिंतेमुळे कॅन्सर होतो, याला ठोस पुरावा नाही.

मज्जातंतूंचा आणि कॅन्सरचा संबंध मात्र आहे. फक्त तो स्वभावाचा नसून शरीराचा आहे. गाठीत रक्तवाहिन्या शिरतात, तसे बारीक मज्जातंतूही शिरतात. प्रोस्टेट ग्रंथीकडे जाणारे काही मज्जातंतू नष्ट केले, तर तिथला कॅन्सर सुरुवातीलाच खुंटतो, हे न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये उंदरांवर दाखवून दिले.

उंदरांचे ठीक, माणसांचे काय? इथे आपल्याच देशातला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. टाटा मेमोरियल सेंटरचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २०११ पासून भारतातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर तो केला. सगळ्यांना स्तनाचा कॅन्सर, तोही सुरुवातीच्या अवस्थेतला. निम्म्या जणींना ऑपरेशनपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचले. दात काढताना डेंटिस्ट हिरडी बधिर करतात ना, तेच औषध. पूर्ण भूल सर्वांनाच दिलेली होती, म्हणजे हे दुखू नये म्हणून नव्हतेच.

निष्कर्ष २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आले. पाच वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के. शंभरात जवळपास चार बायका जास्त वाचल्या, आणि खर्च शंभर रुपयांच्या आत!

असे का व्हावे? मज्जातंतू संदेश पाठवतात ते सोडियमच्या सूक्ष्म दारांतून. लिडोकेन ती दारे बंद करते. तशीच दारे कॅन्सरच्या पेशींवरही आढळतात. ऑपरेशनमध्ये गाठ हाताळताना डिवचलेल्या पेशी दूर पसरू नयेत, यात औषधाचा हात असावा, असा डॉक्टरांचा तर्क आहे. पूर्ण उलगडा अजून व्हायचा आहे.

मात्र या इंजेक्शनने ऑपरेशन टळत नाही, की केमोथेरपी आणि रेडिएशनही चुकत नाही. घरात कुणाचे असे ऑपरेशन ठरले असेल, तर तारीख घेतानाच सर्जनला याविषयी विचारावे. हृदयाचा त्रास किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास तेही तेव्हाच सांगावे.